नवा योगदानकर्ता पहिल्याच संध्याकाळी परत जाऊ नये म्हणून

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही तिघांनी नदीच्या पातळीच्या रोजच्या नोंदी गोळा करून त्यांचा आलेख दाखवणारा एक छोटा ओपन सोर्स (कोड सर्वांसाठी खुला असलेला) प्रकल्प सुरू केला. पहिल्याच पावसाळ्यात अकरा जणांनी मदत करण्याची इच्छा कळवली आणि दिवाळीपर्यंत त्यांतला एकही टिकला नाही. नंतर आम्ही प्रत्येकाचा माग काढला. आठ जणांच्या संगणकावर प्रकल्प चालूच झाला नव्हता. एकाने काही विचारले होते, त्याला आमच्यापैकी कोणीच उत्तर दिले नव्हते. एकीने पाठवलेला बदल माझी वाट पाहत पाच आठवडे पडून होता, आणि एक जण परीक्षेमुळे थांबला होता. कोड अवघड आहे म्हणून गेलेला त्यांत कोणीही नव्हता.

नव्या योगदानकर्त्यांना प्रकल्पात कसे सामावून घ्यावे याविषयीचे पुढचे मार्गदर्शन त्या हिशेबावर बेतलेले आहे. म्हणून इन्स्टॉलेशन आणि उत्तराची वेळ या दोन गोष्टींना त्यात जास्त जागा मिळाली आहे, आणि ज्या गोष्टींवर सहसा पुष्कळ लिहिले जाते त्या थोडक्यात आटोपल्या आहेत. दोन-तीन मेंटेनर, म्हणजे प्रकल्पाची देखरेख करणारे, नोकरीधंदा सांभाळून चालवतात असा प्रकल्प येथे डोळ्यांसमोर आहे.

आधी घर आवरावे

आमच्या प्रकल्पाकडे लोक जुलै-ऑगस्टमध्ये वळतात, कारण तेव्हा सगळ्या गावाचे लक्ष नदीकडे असते. नेमके तेव्हाच आम्हालाही श्वास घ्यायला सवड नसते. म्हणून नव्या माणसांसाठीची तयारी आम्ही मे महिन्यात उरकतो. आपल्या प्रकल्पाचाही असा एखादा हंगाम असतोच, तो ओळखून त्याच्या महिनाभर आधी कामाला लागावे.

पहिली तपासणी लायसन्सची, म्हणजे कोड कोणी कसा वापरावा याच्या परवान्याची. कोड सर्वांना दिसतो म्हणून तो वापरायला मोकळा आहे, असा समज सर्रास आढळतो. लायसन्सची फाईल नसेल तर सर्व हक्क मूळ लेखकाकडेच राहतात आणि दुसऱ्याने त्यावर काम करणे कायद्याच्या दृष्टीने संदिग्ध ठरते. एमआयटी, अपाची २.० किंवा जीपीएल या तयार लायसन्सपैकी एक निवडावे आणि विषय संपवावा. योगदान देणाऱ्याला तो कोड देण्याचा अधिकार आहे याची नोंद हवी असेल, तर लिनक्स कर्नलने (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रकल्पाने) २००४ मध्ये सुरू केलेली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ प्रत्येक कमिटखाली, म्हणजे बदलाच्या प्रत्येक नोंदीखाली, लिहायला सांगावी. छोट्या प्रकल्पाला तेवढे पुरते. स्वतंत्र करारनाम्यावर सही मागितली की विद्यार्थी बिचकतो.

दुसरी तपासणी रीडमीची, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाईलची. प्रकल्प काय करतो, कोणासाठी करतो आणि सध्या तो जिवंत आहे का, हे पहिल्या दहा ओळींत कळले पाहिजे. बदल कसा पाठवावा ही माहिती कॉन्ट्रिब्युटिंग नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवावी आणि ती दोन पानांपेक्षा लांबू देऊ नये. आमची मूळ फाईल चौदा पानांची होती. ती लिहिताना मला फार समाधान वाटले होते, पण ती पूर्ण वाचणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

एका संध्याकाळीत प्रकल्प चालू झाला पाहिजे

नव्या माणसाने कोड उतरवून घेतल्यापासून त्याच्या स्वतःच्या पडद्यावर काहीतरी हलेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजावा. तो एका तासाच्या आत आणणे हे मेंटेनरचे काम आहे. ही मोजणी स्वतःच्या संगणकावर करण्यात अर्थ नाही, कारण तेथे वर्षानुवर्षे सगळे जमवून ठेवलेले असते. ज्याने प्रकल्प कधीच पाहिलेला नाही अशा व्यक्तीला जुन्या, ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपसमोर बसवावे, हातात फक्त रीडमी द्यावी आणि आपण मागे बसून तोंड बंद ठेवावे. ती जेथे थांबेल, जेथे कपाळाला आठी पडेल, तेथे कागदावर खूण करावी. मदत करण्याचा मोह आवरणे फार कठीण जाते, परंतु आपण तोंडी सांगितलेली प्रत्येक सूचना ही रीडमीत राहून गेलेली एक ओळ असते.

हे शहाणपण मला उशिरा आले. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी शनिवारी दुपारी तीन तासांची कार्यशाळा घेतली होती. बावीस विद्यार्थी आले आणि तिन्ही तास इन्स्टॉलेशनमध्येच गेले. एकानेही कोडची एक ओळ लिहिली नाही. मी घरून निघताना सर्व काही लिनक्सवर तपासले होते आणि समोरच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपवर विंडोज होते.

विंडोजवर काय अडले ते मुद्दाम सांगतो, कारण मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला ते भोवते. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे असे स्पष्ट लिहिले नाही, तर लिनक्सवर सहसा काहीच बिघडत नाही. विंडोजवर मात्र बहुतेक वेळा जुने एन्कोडिंग गृहीत धरले जाते, आणि मग गावांची मराठी नावे वाचताना प्रोग्रॅम थांबतो किंवा पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात. ज्याची ती पहिलीच वेळ आहे त्याला वाटते की चूक आपलीच झाली. दुरुस्ती एका ओळीची होती. ती नसल्यामुळे आम्ही किती माणसे गमावली, ते आता सांगता येणार नाही.

यानंतर डेटाचा विचार करावा. वसतिगृहातला विद्यार्थी अनेकदा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करतो आणि दिवसाचा डेटा संपला की त्याचे कामही संपते. सगळे काही डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधून देणाऱ्या साधनात, बसवले की अडचणी मिटतात हे खरे आहे, पण ते गाठोडे, म्हणजे इमेज, दोन जीबीची असेल तर ती उतरवण्यातच त्याचा दिवस जातो. म्हणून डॉकरचा मार्ग ठेवावा, पण त्याच्या शेजारी साध्या इन्स्टॉलेशनचाही मार्ग ठेवावा आणि किती एमबी उतरवावे लागतील ते दोन्हींपुढे लिहावे. रिपॉझिटरीचा (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याचा) सगळा इतिहास न घेता फक्त ताजी आवृत्ती घेण्याची आज्ञा रीडमीत द्यावी. नमुन्याचा डेटाही लहान असावा. आम्ही आता ऑगस्ट २०१९ च्या ३१ दिवसांच्या नोंदी देतो. त्यावर आलेख काढला की पाणी चढताना आणि ओसरताना दिसते आणि काम कशासाठी आहे ते वेगळे समजवावे लागत नाही.

चाचण्या चालवण्याची आज्ञा एकच असावी आणि ती यशस्वी झाल्यावर पडद्यावर काय दिसेल ते शब्दशः लिहून ठेवावे. 'सगळे ठीक झाले' हे ओळखायचे कसे, हेच बहुतेकदा सांगायचे राहून जाते.

प्रकल्पाचे शब्द समजावून सांगावेत

सांगलीच्या माणसाला ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे सांगावे लागत नाही. नागपूरहून किंवा बंगळुरूहून कोड लिहिणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला वाहणारे घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, कोयनेतून विसर्ग वाढला की त्याचा परिणाम सांगलीत लगेच न दिसता काही तासांनी दिसतो, अशा पंचवीस-तीस नोंदींची एक शब्दसूची आम्ही केली. प्रोग्रॅमिंगचे शब्द कोठेही शोधता येतात, पण आपल्या विषयाचे शब्द आपणच द्यावे लागतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर असेल तर हिशेबाचे शब्द द्यावेत, हळदीच्या सौद्याचे असेल तर सौद्याचे द्यावेत.

पहिले काम राखून ठेवावे

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर करायच्या कामाच्या नोंदीला इश्यू म्हणतात. तेथे 'गुड फर्स्ट इश्यू' नावाचे लेबल असते आणि नवे लोक ते पाहून काम शोधतात. पुष्कळ प्रकल्पांत हे लेबल कंटाळवाण्या किंवा कोणालाच नीट न समजलेल्या कामांना लावलेले असते, आणि नवा माणूस त्यांत रुतून बसतो. चांगले पहिले काम लहान असते, खरे असते, आणि ते पूर्ण झाले की नाही याचा निर्णय नव्या माणसाला स्वतःचा स्वतः करता येतो.

आमचे एक उदाहरण देतो. पुलाजवळच्या पट्टीवरची नोंद फूट-इंचांत येते. कोणीतरी ४० फूट ६ इंच या नोंदीचे रूपांतर ४०.६ असे केले होते. ते वास्तविक ४०.५ असायला हवे, कारण फुटाचे इंच बारा. चूक लहान होती, पण धोक्याच्या पातळीजवळ तिला महत्त्व होते. दुरुस्ती एका फंक्शनमध्ये (कोडच्या एका तुकड्यात) मावणारी आणि चाचणी दोन ओळींची. ती माझ्या लक्षात आली तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि मला ती सहज पाच मिनिटांत करता आली असती. अशा वेळी हात मागे घेणे हे नव्या लोकांचे स्वागत करू इच्छिणाऱ्या मेंटेनरचे सर्वांत अवघड कर्तव्य आहे. पावसाळा जवळ नसल्यामुळे मी ती केली नाही. पूर आलेला असताना मात्र अशी चूक कोणासाठीही राखून ठेवू नये.

इश्यू लिहिताना सध्या काय दिसते, त्याऐवजी काय दिसायला हवे, कोणत्या फाईलमध्ये शोधावे, दुरुस्ती झाली हे कसे तपासावे आणि कशाला हात लावू नये, एवढे सगळे लिहावे. वरच्या कामासाठी आम्ही असे लिहिले होते: 'नोंदीत ४० फूट ६ इंच असताना आलेखावर ४०.६ दिसते, ४०.५ दिसायला हवे. रूपांतर करणारे फंक्शन पातळी नावाच्या फाईलमध्ये आहे. ० इंच, ६ इंच आणि ११ इंच अशा तीन नोंदींची चाचणी जोडावी. जुन्या नोंदी बदलू नयेत, त्यांचे काम वेगळे चालू आहे.' हे लिहायला मला वीस मिनिटे लागली, म्हणजे दुरुस्तीपेक्षा चौपट. हा व्यवहार तोट्याचा दिसतो आणि पहिल्या वेळी तो तसा असतोही, पण ते काम करणारा विद्यार्थी पुढे दोन वर्षे आमच्यासोबत राहिला.

मराठी प्रकल्पांत अशा कामांची वाण नसते. जावास्क्रिप्टचे नंबर फंक्शन '४०' हे देवनागरी अंक ओळखत नाही आणि पायथनचे इंट फंक्शन ओळखते. त्यामुळे एकच नोंद एका ठिकाणी चालते आणि दुसरीकडे अडते. 'ॲ' हे अक्षर कोणी एका चिन्हाने लिहितो तर कोणी 'अ' वर चंद्र देऊन लिहितो, आणि मग शोधताना नाव सापडत नाही. अशी कामे परक्या प्रकल्पात सुचणार नाहीत, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला ती इतरांपेक्षा आधी दिसतात.

भाषांतर, चित्रे आणि माहितीची पडताळणी ही कामेही यादीत हवीत. मात्र ती 'कोड येत नसलेल्यांसाठी' अशा मथळ्याखाली ठेवू नयेत. तो मथळा वाचून कोणालाही आपण दुय्यम आहोत असेच वाटेल.

'सर, मला असाइन करा'

इश्यू उघडल्यापासून तासाभरात त्याखाली चार जण 'सर, मला हे काम असाइन करा' असे लिहितात, हा अनुभव आता प्रत्येक मेंटेनरला येतो. परवानगी मागूनच हात लावायचा, ही शाळा-कॉलेजात लागलेली सवय आहे, त्यात उर्मटपणा किंवा आळस शोधू नये. पण चौघांपैकी पहिल्याला काम देऊन बसावे, तर तो बहुधा गायब होतो आणि बाकीचे तिघे परत येत नाहीत.

आम्ही दोन नियम केले. पहिल्या कामासाठी परवानगी लागत नाही. ज्याने काम सुरू केले त्याने एका वाक्यात तसे लिहावे आणि चालू असलेला अर्धवट बदल मसुदा म्हणून सर्वांना दिसेल असा ठेवावा. दहा दिवसांत हालचाल झाली नाही तर काम पुन्हा मोकळे होते. हे दोन्ही नियम प्रत्येक पहिल्या कामाखाली ठेवणीतल्या मजकुरासारखे चिकटवावेत, म्हणजे नकार कोणा एकाला दिल्यासारखा वाटत नाही. 'सर' या संबोधनाला हरकत घेण्यात वेळ घालवू नये. आपण समोरच्याला 'तुम्ही' म्हणत राहावे, तो हळूहळू नावाने बोलू लागतो.

उत्तर किती वेळात द्यावे

माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फळ देणारी गोष्ट हीच आहे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने आपल्या योगदानकर्त्यांची पाहणी केली तेव्हा असे आढळले की ज्यांच्या पहिल्या बदलाचा रिव्ह्यू (तपासणी) ४८ तासांच्या आत झाला ते पुन्हा येण्याचे प्रमाण फार मोठे होते, आणि ज्यांना सात दिवसांहून जास्त थांबावे लागले ते जवळजवळ परतलेच नाहीत. आम्ही पाच आठवडे लावले होते, त्यामुळे ती मुलगी परत आली नाही याचे आश्चर्य वाटायला नको.

दोन दिवसांत पूर्ण रिव्ह्यू करणे नोकरी करणाऱ्याला नेहमी जमत नाही. पण दोन दिवसांत पोच देणे जमते. पोचेत तारीख असावी: 'बदल मिळाला, चाचण्या पास झालेल्या दिसतात. मी रविवारी दुपारी नीट वाचून कळवतो.' आणि मग रविवारी खरोखर वाचावे. आम्ही तिघांनी आठवडे वाटून घेतले आहेत. ज्याची पाळी असते तो सकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटे फक्त नव्या नावांकडे पाहतो. जुन्या सहकाऱ्यांचे काम एक दिवस थांबले तरी ते रुसत नाहीत.

पहिला रिव्ह्यू

पहिल्या रिव्ह्यूत आधी हे सांगावे की बदलातला कोणता भाग चांगला झाला आहे, आणि तो नेमका सांगावा. 'छान काम' हा शब्द पोकळ आहे. 'रिकाम्या नोंदीची चाचणी तुम्ही जोडलीत, ती आमच्याही लक्षात आली नव्हती' यात वजन आहे. त्यानंतरच्या प्रत्येक सूचनेपुढे 'आवश्यक' किंवा 'ऐच्छिक' असे लिहावे, नाही तर नवा माणूस स्वल्पविरामाच्या सूचनेवरही रात्र जागवतो. मोकळ्या जागा, ओळींची लांबी, नावांची पद्धत यांवर माणसाने बोलूच नये. त्यासाठी कोडची मांडणी आपोआप ठीक करणारा फॉरमॅटर बसवावा, म्हणजे कटकट यंत्राच्या नावावर जमा होते.

दोन फेऱ्यांनंतरही बारीकसारीक काही उरले असेल तर बदल मर्ज करावा, म्हणजे मुख्य कोडमध्ये घ्यावा, आणि उरलेले स्वतः नंतर करावे. त्याचा कोड पुसून त्याजागी आपला कोड लिहून 'झाले' म्हणणे मात्र टाळावे. काम आपल्या हातून झाले की नाही, हे ज्याचे त्याला कळते.

बदल नाकारायचा असेल तर लवकर नाकारावा आणि कारण लिहावे. सौजन्यापोटी तीन महिने ताटकळत ठेवणे हे सौजन्य नव्हे. हल्ली एआयकडून लिहून घेतलेले, पाठवणाऱ्यालाच न समजलेले बदलही येतात. त्यांवर वाद घालत बसण्याऐवजी 'ही ओळ येथे का लागते?' असा एक साधा प्रश्न विचारावा. उत्तर आले तर पुढे जावे, नाही आले तर दहा दिवसांचा नियम आहेच.

कोठे बोलावे आणि कसे वागावे

आपल्याकडे चार माणसे जमली की वॉट्सॲपचा ग्रुप होतो. त्यात घेतलेले निर्णय महिन्याभरात सुप्रभातच्या संदेशांखाली गाडले जातात, आणि ग्रुपमध्ये येणाऱ्या प्रत्येकीचा मोबाईल नंबर अनोळखी माणसांना दिसतो. आमच्याकडे येऊ इच्छिणाऱ्या दोघींनी नेमके याच कारणाने नकार दिला होता. तेव्हापासून ग्रुप ऐच्छिक केला आणि कामाचे सगळे बोलणे इश्यूखालीच करायचे ठरवले. कोणी संकोचाने खासगीत विचारले तर उत्तर द्यावे आणि त्याच्या परवानगीने तो प्रश्न नाव न घेता इश्यूवरही लिहावा. प्रश्न मराठीत विचारले तरी चालतील, हे रीडमीत ठळक लिहावे. इंग्रजी चुकेल या भीतीने गप्प बसणारे पुष्कळ असतात.

आचारसंहिता स्वतः रचत बसू नये. २०१४ मध्ये तयार झालेले 'कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट' अनेक प्रकल्प वापरतात आणि २०१८ मध्ये लिनक्स कर्नलनेही त्यावर आधारलेली संहिता स्वीकारली. त्याच सुमारास लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर भाषेबद्दल माफी मागून काही काळ कामातून विश्रांती घेतली होती. संहितेत तक्रार कोणाकडे करायची ते लिहावे आणि तेथे दोन व्यक्ती असाव्यात, कारण तक्रार त्यांतल्या एकीविषयीही असू शकते.

टी-शर्ट आणि प्रमाणपत्रे

ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या उपक्रमाने चार पुल रिक्वेस्टना (बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांना) टी-शर्ट देऊ केला आणि जगभरातल्या प्रकल्पांवर रीडमीत एखादा शब्द वाढवणाऱ्या निरर्थक बदलांचा पाऊस पडला. शेवटी प्रकल्पाने स्वतः होकार दिला तरच त्यातले योगदान मोजायचे, असा नियम आयोजकांना मध्येच करावा लागला. संख्येवर बक्षीस ठेवले की संख्याच मिळते. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिपसाठी काही कागद लागतो ही गरज मात्र खरी आहे. आम्ही छापील प्रमाणपत्र देत नाही. तीन कामे पूर्ण झाल्यावर त्याने नेमके काय केले, त्यात काय अवघड होते आणि तो ते कसे निभावला, हे सांगणारे एक पानी पत्र देतो. नोकरीच्या मुलाखतीत त्या पत्रावर प्रश्न विचारले गेले, असे दोघांनी येऊन सांगितले.

अशी मुले शोधायला लांब जावे लागत नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थी स्वतः लिनक्स वापरकर्ता गट चालवतात. अशा गटाकडे 'आमच्यासाठी काम करा' असे सांगत जाऊ नये, त्यांच्या एखाद्या सत्रात तास-दीड तास बसून फक्त पाहावे. कोणाला काय आवडते ते तेथे कळते.

दुसरे काम, आणि मग किल्ली

पहिला बदल मर्ज झाला की आवृत्ती लवकर प्रसिद्ध करावी आणि बदलांच्या नोंदीत त्याचे नाव त्याने सांगितले असेल तसे लिहावे. आपण दुरुस्त केलेला आकडा आपल्याच घरच्या मोबाईलवर दिसला की माणूस आईला बोलावून दाखवतो, आणि हे मी स्वतः पाहिले आहे. त्याच आठवड्यात त्याला पुढचे, किंचित मोठे आणि पहिल्याशी जोडलेले काम सुचवावे. पहिल्या कामानंतर कोणी विचारलेच नाही म्हणून थांबलेले लोक बरेच असतात. इन्स्टॉलेशनमध्ये त्याला काय अडले ते त्याच्याकडूनच रीडमीत लिहून घ्यावे. दोन महिन्यांनी त्यालाही ते आठवणार नाही.

अधिकार टप्प्याटप्प्याने द्यावेत. आधी इश्यूंना लेबल लावण्याचा, मग रिव्ह्यू करण्याचा, मग मर्जचा आणि सर्वांत शेवटी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. ती घालणाऱ्याने टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून थकलेल्या एकट्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता, आणि 'अधिकार लवकर द्या' असा दबाव इतर अनोळखी नावांनी आणला होता. या घटनेमुळे प्रत्येक नव्या माणसाकडे संशयाने पाहू नये. मात्र आवृत्ती प्रसिद्ध करण्यासाठी दोघांची संमती लागेल अशी व्यवस्था करावी, आणि ती सर्वांत जुन्या मेंटेनरलाही लागू असावी. घाई करणारा दबाव आला की तेवढ्यापुरते काम थांबवावे.

जाणाऱ्यासाठी वाट

विद्यार्थी येतो तसा जातोही. परीक्षा, प्लेसमेंट, घरची द्राक्षांची छाटणी, अशी कारणे असतात. काम अर्धे टाकल्याची लाज वाटली की तो संदेशांना उत्तर देणेच बंद करतो, आणि ते काम कोणाच्याच हाती उरत नाही. म्हणून दहा दिवसांनंतरचा आमचा संदेश असा असतो: 'काही कारणाने हे थांबले असेल तर हरकत नाही. जेवढे झाले आहे तेवढे येथेच ठेवा, पुढचा माणूस तेथून सुरुवात करेल आणि श्रेय दोघांचे राहील. सवड झाली की केव्हाही या, पहिल्या वेळेप्रमाणेच आताही परवानगी लागणार नाही.' त्या पहिल्या वर्षी परीक्षेमुळे थांबलेल्या मुलाला आम्ही हा संदेश तब्बल दीड वर्षाने पाठवला. तो आता हैदराबादला नोकरी करतो, आणि देवनागरी अंकांच्या चाचण्या त्यानेच लिहिलेल्या आहेत.